स्क्रीनचा फोटो टाकू नकोस

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या ग्रुपवर एका मुलाने आपला पहिलाच प्रश्न टाकला. सुरुवात अशी होती: "अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. मी नवीन आहे, काही चुकलं तर माफ करा सर." मग स्वतःचं कॉलेज, वर्ष, कोणता विषय चालू आहे ते. आणि खाली मोबाइलवरून काढलेला कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा एक तिरका फोटो, ज्यात अर्ध्या कोडवर ट्यूबलाइट चमकत होती. जावाचा प्रोग्रॅम, आणि तळाशी लाल अक्षरांत एरर.

ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. दिवसभराचं ऑफिस, त्यानंतर परदेशातल्या क्लायंटबरोबर दीड तासाचा कॉल, आणि जेवण गार झालेलं. मी एका ओळीत उत्तर दिलं: "स्क्रीनचा फोटो टाकू नकोस. कोड टेक्स्टमध्ये टाक, आणि आधी एरर नीट वाच." त्यावर तीन जणांनी अंगठा दाखवला. सकाळी पाहिलं तर प्रश्न डिलीट झालेला, आणि खाली ती करड्या रंगातली ओळ, अमुक एक नंबर ग्रुपमधून बाहेर पडला म्हणून.

मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. उलट बरं वाटलं. ग्रुपची शिस्त राहिली, असं.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजमधली एक विद्यार्थिनी ग्रुपवर आली. बोलता बोलता तिने लॅबचं वर्णन केलं. मशीनवर इंटरनेट नाही. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो म्हणून यूएसबी बंद करून ठेवलेलं. बहुतेकांच्या घरी लॅपटॉप नाही. इंटरनेट फक्त खिशातल्या फोनवर. म्हणजे त्या स्क्रीनवरची एरर बाहेरच्या जगापर्यंत न्यायची तर फोटो काढणं हा एकच मार्ग. आणि कंसांनी भरलेला ऐंशी ओळींचा जावा कोड फोनच्या कीबोर्डवर कुणी टाइप करून पाहिला असेल, तर त्याला पुढचं सांगायला नको.

तो मुलगा आळशी नव्हता. त्याच्याकडे जेवढं होतं तेवढं त्याने केलं होतं. माझ्या नियमाने गृहीत धरलं होतं की विचारणाऱ्याकडे लॅपटॉप आहे आणि त्या लॅपटॉपवर नेट आहे. मी स्वतः अशाच गावातून, अशाच कॉलेजमधून आलोय. अब्बांनी हप्त्यावर घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर मला तिसऱ्या वर्षाला मिळाला. तरी मी हे विसरलो. नोकरीच्या दहा वर्षांत माणूस काय काय विसरतो, त्याचा हा नमुना.

आता नियमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. फोटोतला कोड कॉपी करून चालवून बघता येत नाही. पुढे कुणी तीच एरर शोधली तर फोटोतलं अक्षर शोधात सापडत नाही. ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरवर ऐकतो, त्याच्यासाठी तर तो फोटो म्हणजे नुसती शांतता. नियमाला कारण आहे आणि ते चांगलं कारण आहे. चूक नियमात नव्हती, नियम ज्या क्षणी आणि ज्या सुरात सांगितला त्यात होती. दारात उभ्या असलेल्या माणसाला "आधी चपला नीट काढ" म्हणायचं की "ये, बस" म्हणून मग चपलांची जागा दाखवायची, एवढाच प्रश्न असतो. आपल्या घरांत हे कुणी शिकवत नाही, ते पाहून येतं. ऑनलाइन गेलो की मात्र आपण शहाणी माणसं एकदम दरबानासारखी वागायला लागतो.

हे फक्त आमच्या ग्रुपचं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो तुम्हाला माहीत असेल. जोएल स्पॉल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड यांनी २००८ मध्ये ती साइट सुरू केली. प्रोग्रॅमिंगचा प्रश्न विचारा, लोक उत्तर देतील, चांगल्या उत्तराला मतं मिळतील. उत्तराला एक मत पडलं की दहा गुण. गुण वाढले की अधिकार वाढतात. पंधरा गुणांवर दुसऱ्याला मत देता येतं, पन्नासवर कुठेही टिप्पणी करता येते, तीन हजारांवर प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं. कागदावर हे फार सुंदर आहे. डिग्री विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, कोणत्या गावचा ते विचारत नाहीत. काम दाखवा, मान घ्या. माझ्या पिढीतल्या हजारो भारतीय इंजिनिअरांनी आपला धंदा अर्ध्याहून अधिक तिथेच शिकला, मीही त्यातलाच. त्या उपकाराची जाणीव ठेवूनच पुढचं लिहितोय.

एप्रिल २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, जे हॅनलन यांनी, कंपनीच्याच पानावर जाहीर कबुली दिली की आमची जागा स्वागतशील नाही आणि हे बदललं पाहिजे. नव्याने शिकणारे, स्त्रिया, गोऱ्यांव्यतिरिक्त इतर वर्णांचे लोक अशा अनेकांना ही जागा शत्रुत्वाची वाटते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली, आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या नावाजवळ "हा नवीन आहे, सांभाळून घ्या" अशा अर्थाची एक खूण दिसू लागली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणखी एक बदल झाला जो मला खुणेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तोवर चांगल्या प्रश्नाला मत पडलं तर पाच गुण आणि उत्तराला दहा, असा हिशेब होता. तो बदलून प्रश्नालाही दहा केले. म्हणजे चांगला प्रश्न विचारणारा हा उत्तर देणाऱ्याइतकंच काम करतो, हे मान्य झालं. ज्ञानाच्या जगात विचारणारा नेहमी मागणारा समजला जातो, हात पसरलेला. तसा तो नसतो. त्याने नीट विचारलेला एक प्रश्न पुढे लाख माणसं वाचतात.

त्या साइटचा एक बारीक तपशील मला कायम खटकत आलाय. तुम्ही प्रश्नाच्या सुरुवातीला "हाय" किंवा "हॅलो" लिहिलंत, तर तिथलं सॉफ्टवेअर ते आपोआप गाळून टाकतं. शेवटी "धन्यवाद" लिहिलंत तर कुणीतरी संपादन करून काढतं. कारण सांगतात ते असं की ही गप्पांची जागा नाही, ज्ञानाचा संग्रह आहे, आणि वाचणाऱ्याचा वेळ वाचला पाहिजे. इंजिनिअर म्हणून मला ते पटतं. पण ज्या घरात मी वाढलो तिथे फोन उचलल्यावरसुद्धा सलाम आणि तब्येतीची चौकशी झाल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. शेजारचे देशपांडे काका आले तरी चहा येईपर्यंत ते कशासाठी आलेत हे विचारायचं नाही. आमच्याकडचा मुलगा जेव्हा प्रश्नाआधी चार ओळी स्वतःबद्दल लिहितो, तेव्हा तो जागा अडवत नसतो, तो आत येण्याची परवानगी मागत असतो. त्या चार ओळी यंत्राने पुसल्या तर वाचकाचा वेळ वाचतो, हे खरं. लिहिणाऱ्याला काय निरोप गेला?

विकिपीडियाच्या लोकांनी या विषयावर सगळ्यांत जास्त डोकं चालवलंय असं माझं मत आहे, कारण मार त्यांनीच सगळ्यांत आधी खाल्ला. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोचली आणि नंतर उतरत गेली. का? २०१३ मध्ये अ‍ॅरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केला. नवे येणारे बिघडले होते असं त्यात दिसलं नाही. चांगल्या हेतूने येणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीसारखंच होतं. बदललं होतं ते स्वागत. खोडसाळपणा रोखण्यासाठी बनवलेली अर्धस्वयंचलित साधनं आणि वाढत गेलेले नियम यांनी भल्या माणसाची पहिली दुरुस्तीसुद्धा चुटकीसरशी उडवली जाऊ लागली, आणि तो माणूस परत आला नाही. चोरासाठी लावलेल्या कुलपाने पाहुणा परत गेला.

त्यावर त्यांनी केलेले उपाय बघण्यासारखे आहेत. २०१२ मध्ये "टीहाउस" नावाचं पान सुरू केलं, जिथे नव्या माणसाने कितीही साधा प्रश्न विचारला तरी अनुभवी संपादक सौम्यपणे उत्तर देतील. २०१३ मध्ये एक छोटं बटण आणलं, ज्यावर एक टिचकी मारली की समोरच्याला त्या विशिष्ट दुरुस्तीसाठी आभार पोचतात. त्याआधीपासून, २००३ पासून, "बार्नस्टार" आहेच. एका संपादकाने दुसऱ्याच्या चर्चापानावर चिकटवायचा तारा, सोबत दोन ओळी, कशासाठी ते. त्याला पैशाचं मोल शून्य.

आणि तरी तो काम करतो. २०१२ मध्ये दोन संशोधकांनी प्रयोग केला. विकिपीडियाच्या सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून चिठ्ठी टाकून काही जण निवडले आणि त्यांना असे तारे दिले, इतरांना दिले नाहीत. पुढच्या नव्वद दिवसांत तारा मिळालेल्यांचं काम इतरांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के जास्त भरलं. जर्मन विकिपीडियावर याना गालुस यांनी नवख्यांवर असाच प्रयोग केला. निव्वळ प्रतीकात्मक सन्मान मिळालेल्या नवख्यांमध्ये टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं, आणि तो परिणाम वर्षभर दिसत राहिला. हे वाचल्यावर मी त्या रात्रीच्या तीन अंगठ्यांचा विचार केला. तेही प्रतीकच होतं, पण माझ्या बाजूचं.

जाता जाता एक. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि त्यावरच्या सार्वजनिक चर्चेच्या पानाचं नाव आहे "चावडी". नाव गोड आहे. पण गावातल्या खऱ्या चावडीवर कोण बसायचं, कोण खाली उभं राहायचं आणि कोणाला नुसतं बोलावणं यायचं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. नवी चावडी बांधताना पायऱ्यांची उंची आपणच ठरवतो.

आता लिनक्सकडे येतो, कारण तिथे गंमत उलटी आहे. तिथलं बोलणं अनेक वर्षं कडू होतं आणि कामाची नोंद घेण्याची रीत मात्र उत्तम. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात लिहिलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, तुम्हाला काय आवडेल ते सांगा. तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स हा नवखा होता. लोकांनी त्याला उत्तरं दिली, सूचना दिल्या, कोड पाठवला. पुढे तोच माणूस प्रचंड प्रकल्पाचा प्रमुख झाला आणि त्याच्या ईमेलमधल्या शिव्यांची ख्याती जगभर पसरली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, आपले व्यक्तिगत हल्ले चुकीचे होते म्हणाला, काही आठवडे कामातून बाजूला झाला आणि ऑक्टोबरमध्ये परतला. त्याच सुमारास कर्नेलने नवी आचारसंहिता स्वीकारली. बऱ्याच जुन्या लोकांना वाटलं, आता दर्जा घसरणार, वाईट कोडला वाईट म्हणायची सोय राहणार नाही. लिनक्स तर अजून चालू आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या नोंदीबद्दल. कर्नेलमधल्या प्रत्येक बदलाखाली काही ओळी असतात. कोड कुणी लिहिला, हे तर असतंच. त्याखाली "रिपोर्टेड-बाय", म्हणजे दोष कुणी दाखवला. "टेस्टेड-बाय", कुणी चालवून पाहिलं. "रिव्ह्यूड-बाय", कुणी तपासलं. "सजेस्टेड-बाय", कल्पना कुणाची. ज्याने एक ओळही लिहिली नाही, नुसतं "माझ्या मशीनवर हे बंद पडतंय" असं नीट कळवलं, त्याचंही नाव कायमचं इतिहासात जातं. ते पुसता येत नाही. मला हे फार आवडतं. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत कोणाचं नाव राहिलं यावरून दहा वर्षं अबोला धरणारी माणसं आहेत आणि आपण त्यांना हसतो. ती वेडी नाहीत. कामाला हात लावला आणि नाव लागलं नाही, हे दुखतंच.

मात्र नावाची आणि बक्षिसाची भूक चुकीच्या पद्धतीने भागवली की काय होतं, तेही पाहिलं पाहिजे, आणि इथे आपण भारतीयांनी थोडं खाली बघायला हवं. दर ऑक्टोबरला होणारा हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम. ठरावीक संख्येने मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना बदल पाठवा, टी-शर्ट मिळवा, असं त्याचं तेव्हा स्वरूप होतं. २०२० मध्ये भारतातल्या एका यूट्यूब चॅनेलने हे कसं करायचं याचं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि हजारो मुलांनी अनोळखी प्रकल्पांच्या माहितीपत्रकात "फार छान प्रकल्प" छापाचे शब्द घुसवून पाठवायला सुरुवात केली. बिनपगारी काम करणारे प्रकल्पचालक रात्रभर कचरा उपसत बसले. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाची तयारी असेल त्यानेच भाग घ्यावा. नंतर एक्सप्रेस या लोकप्रिय प्रकल्पाच्या बाबतीतही तेच. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं म्हणून मुलं आपापलं नाव त्याच्या माहितीपत्रकात घालायला लागली.

त्यानंतर जगभर भारतीय विद्यार्थ्यांची टिंगल झाली. काही टीका रास्त होती. बरीच नव्हती. नावावरून, प्रोफाइलच्या फोटोवरून, इंग्रजीच्या धाटणीवरून "हा त्यातलाच" असा शिक्का बसायला लागला, आणि ज्यांनी खरोखर मेहनतीने बदल पाठवला तेही त्यात भरडले गेले. चौघांनी केलेल्या गोष्टीसाठी चारशे जणांनी खुलासा देत फिरायचं, हा अनुभव या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. म्हणूनच आपण तरी कुणाचा पहिला प्रश्न त्याच्या गावाच्या, कॉलेजच्या किंवा इंग्रजीच्या हिशेबात वाचू नये.

आमच्या ग्रुपमध्ये दोन-तीन मुलं खरं नाव लावत नाहीत. कुणी नुसती आद्याक्षरं लावतो, कुणी कार्टूनमधलं पात्र. कारण विचारलं तर एक म्हणाला, "दादा, नाव दिसलं की लोक आधी नावाशी बोलतात, मग प्रश्नाशी." मी त्याच्याशी वाद घातला नाही. टोपणनावाने दार उघडतं, हे खरंच आहे. पण चार वर्षं चांगलं काम करून सगळी वाहवा त्या कार्टूनच्या खात्यावर जमा होते आणि हा मुलगा मुलाखतीला जातो तेव्हा रिकाम्या हाताने जातो, असंही मी पाहिलंय. कोणतं नाव लावायचं हे ज्याने त्याने ठरवावं. खरं नाव लावायला भीती वाटू नये एवढी जागा बनवणं हे मात्र अ‍ॅडमिनचं काम आहे, त्या मुलाचं नाही.

कुणी म्हणेल, आता या सगळ्याची गरजच काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ते रागावत नाही, फोटोतला कोडही वाचतं, रात्री तीन वाजता उत्तर देतं, मराठीतही देतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या नव्या प्रश्नांची घसरण आधीच सुरू झाली होती, त्यानंतर ती फार वेगाने झाली. यात नवल नाही. ज्याला माणसांनी दारात अपमान करून पाठवलं तो यंत्राकडे जाणारच. मीही रोज वापरतो.

पण एक गोष्ट यंत्र देऊ शकत नाही, आणि आपल्यासाठी नेमकी तीच महाग आहे. आयटीत पहिली नोकरी बऱ्याचदा कशी लागते? कॅम्पसवर कंपन्या आल्या तर तिथून. लहान गावातल्या कॉलेजात त्या येत नाहीत. मग उरतो रेफरल. कंपनीत आधीपासून असलेला कुणीतरी म्हणतो, "या मुलाला मी ओळखतो, चांगलं काम करतो, एकदा बोलावून बघा." ज्यांचे काका, मामा, शेजारी पंचवीस वर्षांपूर्वी या क्षेत्रात शिरले, त्यांना तो कुणीतरी घरातच सापडतो. माझ्या खानदानात मी पहिला. माझ्या ग्रुपमधली निम्मी मुलं त्यांच्या घरातली पहिली. मॅकेनिकचा मुलगा, बेकरीवाल्याची मुलगी, शेतमजुराचा मुलगा, अंगणवाडी सेविकेची मुलगी, सगळ्या समाजांतली. त्यांचा काका म्हणजे हा ग्रुप. तुम्ही नसलेल्या खोलीत तुमचं नाव घेणारं माणूस चॅटबॉट होऊ शकत नाही. आणि माणूस नाव तेव्हाच घेतो जेव्हा त्याने तुम्हाला काम करताना पाहिलेलं असतं, लक्षात ठेवलेलं असतं. म्हणून मी म्हणतो की नव्याचं स्वागत आणि जुन्याच्या कामाची नोंद या शिष्टाचाराच्या गोष्टी नाहीत. ती रोजीरोटीची वाट आहे, आणि तिच्या फाटकावर माझ्यासारखे दमलेले, चिडलेले अ‍ॅडमिन बसलेत.

ग्रुपमध्ये आम्ही काय बदललं ते थोडक्यात सांगतो. कोणी फार मोठं समजू नये.

फोटो चालतो. पहिल्या प्रश्नाला तर हमखास चालतो. कुणीतरी फोटोतली एरर टाइप करून खाली टाकतो, म्हणजे पुढच्याला शोधता येते, आणि नव्याला पद्धतही दिसते. "गूगल कर" हे दोन शब्द बंद. शोधायला सांगायचं असेल तर काय शोधायचं ते शब्द द्यायचे, कारण नव्याला अडचण तिथेच असते. आठवड्याला दोघांची पाळी लागते. नवा माणूस आला की चोवीस तासांच्या आत त्याच्या पहिल्या संदेशाला नाव घेऊन उत्तर द्यायचं, उत्तर येत नसलं तरी. "मला माहीत नाही, पण बघतो" हेही उत्तर आहे. "सर" म्हणणं बंद करायचा प्रयत्न केला, तो पुरता फसला. आता काही जण दादा म्हणतात, काही भाई, आणि दोन जण हट्टाने सरच.

नोंदीचं काम जास्त अवघड गेलं. आधी आम्ही महिन्याचा उत्कृष्ट सदस्य निवडायचो. तीनच मुलं आलटून पालटून निवडली जायची, कारण तीच जास्त उत्तरं द्यायची. मग एकाने यंत्राकडून उत्तरं आणून भराभर टाकायला सुरुवात केली, त्यातली निम्मी चुकीची. हॅक्टोबरफेस्टचा टी-शर्ट आमच्या घरात आला होता. ते बंद केलं. आता महिन्याच्या शेवटी एक साधी यादी टाकतो, कर्नेलच्या धर्तीवर. कुणी चांगला प्रश्न विचारला, कुणी दुसऱ्याचं उत्तर चालवून पाहून चूक दाखवली, कुणी एररचा अर्थ मराठीत लिहिला, कुणी पहिल्यांदा आलेल्याशी बोललं. क्रमांक नाही, गुण नाही. नेमकं काम आणि नाव.

पहिली यादी टाकली त्या रात्री, वर ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख केलाय तिचा मला स्वतंत्र मेसेज आला. दीड वर्ष ती ग्रुपवर फारशी बोलत नसे. "भाई, यादीत माझं नाव नाही, ते ठीक आहे. पण ग्रुपमधल्या सहा मुली सबमिशनच्या वेळी मला पर्सनलवर विचारत होत्या, त्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नव्हतं. ते काम कशात धरता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जे काम मला दिसत होतं तेवढंच मी मोजत होतो. त्या सहा जणी ग्रुपमध्ये आहेत हेसुद्धा मला धड माहीत नव्हतं. तिलाच विचारलं, काय करायचं. ती म्हणाली, त्यांच्या परवानगीने ते प्रश्न नाव न घालता मी ग्रुपवर टाकते, उत्तर तिथे द्या, म्हणजे सगळ्यांच्या कामी येईल. आणि यादीत "कुणाच्या वतीने विचारलं" असा एक रकाना वाढवा.

रकाना वाढवला. तीन महिन्यांनी त्या सहांपैकी दोघींनी स्वतःच्या नावाने प्रश्न टाकले. पहिलीचा प्रश्न स्क्रीनच्या फोटोसकट होता, तिरका, वर ट्यूबलाइट. त्या आठवड्याची पाळी माझी होती.